जुन्या मोटारीची बॅटरी का उतरते? : दोषनिदानाची एक शिस्त



स्मृतिव्याख्यानमालेत साहित्य, इतिहास किंवा समाजसुधारणा यांविषयी बोलण्याची परंपरा आहे. त्या मालिकेत जुन्या मोटारीच्या बॅटरीसारखा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. परंतु एका विज्ञानशिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत हा विषय उपरा ठरू नये. वर्गात शिकलेला ओहमचा नियम प्रत्यक्ष आयुष्यात कोठे उपयोगी पडतो, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. घरासमोर उभ्या असलेल्या आणि सकाळी सुरू न होणाऱ्या जुन्या गाडीत त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

जुनी गाडी म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे मुख्यतः दोन गाड्या आहेत : हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी. पहिलीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. दुसरीचे त्याच्याही बरेच आधी बंद झाले आणि मुंबईच्या रस्त्यावरील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. तरीही आपल्या भागातील अनेक घरांत या गाड्या आजही आहेत. वडिलांनी किंवा आजोबांनी घेतलेली गाडी मोडीत काढण्यास मन धजत नाही. केंद्र शासनाने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली, त्यामुळे अशा गाड्या जपण्याला उत्तेजनही मिळाले आहे. मात्र अशी गाडी घरातून जाते तेव्हा तिचे इंजिन निकामी झालेले असतेच असे नाही. ‘रोज बॅटरी उतरते, रोज धक्का मारावा लागतो’ या कटकटीला कंटाळून ती विकली जाते. अनेकदा तो दोष काही रुपयांचा असतो. तो कोठे आहे, एवढेच कोणी शोधलेले नसते.

हा शोध कसा घ्यावा, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे. आधी मोजावे, मग अनुमान करावे, आणि सुटा भाग बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा, हे त्याचे सार होय.

एक लक्षण, तीन रोग

सकाळी किल्ली फिरवली, स्टार्टरने ‘टक्’ असा आवाज केला आणि गाडी गप्प झाली. आपण म्हणतो, बॅटरी गेली. हे निदान नव्हे, ते केवळ लक्षण आहे. ताप आला म्हणजे हिवताप झाला असे वैद्य म्हणत नाही, तो आधी तीन-चार शक्यता मनाशी धरतो. येथे शक्यता तीन आहेत.

पहिली शक्यता अशी की बॅटरीला साठा धरून ठेवता येत नाही. दुसरी, साठा धरण्याची तिची ताकद शाबूत आहे, पण गाडी चालत असताना ती पुरेशी भरली जात नाही. तिसरी, ती भरली जाते आणि साठाही धरते, पण गाडी उभी असताना कोठून तरी तिच्यातील वीज गळते. घरावरच्या पाण्याच्या टाकीला हीच तीन दुखणी असतात. टाकीलाच चीर गेलेली असते, पंप पाणी चढवत नसतो किंवा खालचा एखादा नळ उघडा राहिलेला असतो. टाकी रिकामी दिसली की प्रत्येक वेळी नवी टाकी आणणारा मनुष्य आपल्याला वेडा वाटेल. बॅटरीच्या बाबतीत मात्र शहाणी माणसेही तेच करतात. नवी बॅटरी भरलेली येते, म्हणून चार दिवस गाडी नीट चालते आणि निदान बरोबर होते असा समज होतो. पाचव्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न!

या तीन शक्यता एकेक करून आणि याच क्रमाने तपासाव्यात. क्रमाला महत्त्व आहे, कारण बॅटरी सुस्थितीत असल्याची खात्री झाल्याशिवाय पुढील दोन चाचण्यांचे निकाल विश्वसनीय ठरत नाहीत.

साठा : बॅटरीची परीक्षा

शिसे आणि गंधकाम्ल यांची बॅटरी फ्रान्समधील गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये सिद्ध केली. मोटारीत तिला मानाचे स्थान मिळाले ते चार्ल्स केटरिंग यांच्या विद्युत् स्टार्टरमुळे, जो १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसवला गेला. तोपर्यंत हँडल मारून इंजिन सुरू करावे लागे. आपल्या अँबॅसडरबरोबर मिळणारे हँडल ही त्याच काळाची आठवण होती.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घट असतात. पूर्ण भरलेल्या प्रत्येक घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो, म्हणून एकूण दाब सुमारे १२.६ व्होल्ट होतो. गाडी काही तास स्वस्थ उभी राहिल्यानंतर मल्टिमीटरने हा दाब मोजावा. १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे अंदाजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की भरलेली आणि रिकामी यांतील अंतर जेमतेम अर्ध्या-पाऊण व्होल्टचे आहे. ‘बारा व्होल्ट दाखवते, म्हणजे बॅटरी ठीक आहे’ हे वाक्य त्यामुळे अगदी चुकीचे ठरते.

ज्या बॅटरीची बुचे उघडता येतात तिच्यासाठी हायड्रोमीटर हे अधिक विश्वसनीय साधन होय. बॅटरी भरत असताना आम्ल घट्ट होते, उतरत असताना पातळ होते. भरलेल्या घटातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व साधारण १.२५ ते १.२८ या दरम्यान असते, रिकाम्या घटात ते १.१३ च्या खाली जाते. सहाही घटांचे आकडे लिहून काढावेत. सर्व आकडे सारखेच कमी असतील तर बॅटरी केवळ उतरली आहे, ती चार्ज करावी. परंतु पाच घट १.२५ आणि एकच घट १.१८ दाखवीत असेल, तर तो घट खराब झालेला आहे. घटाघटांत ०.०५ हून अधिक फरक ही धोक्याची खूण मानतात. व्होल्टमीटर सहाही घटांची बेरीज सांगतो, हायड्रोमीटर प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी करतो.

यानंतरची परीक्षा भाराखालची. स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या दोन टर्मिनलांमधील दाब पाहावा. स्टार्टर त्या क्षणी शंभर ते दोनशे अँपियर ओढतो. चांगली बॅटरी तरीही साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली जात नाही. विश्रांतीत १२.६ दाखवून भार येताच सात-आठवर कोसळणारी बॅटरी मात्र खरोखरच संपली आहे. तिच्याविषयी दुःख न करता ती बदलावी.

उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिलेल्या बॅटरीत शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक तयार होतात आणि ते चार्जिंगने विरघळत नाहीत. म्हणजे दुसऱ्या किंवा तिसऱ्या रोगाकडे दुर्लक्ष केले की पहिला रोग आपोआप जडतो. बॅटरी खराब निघाली म्हणून तपास संपत नाही. ती कशामुळे खराब झाली, हा प्रश्न उरतोच.

भरणा : डायनॅमो आणि त्याचा पहारेकरी

इंजिन चालू असताना, ते थोडे वेगाने फिरवून, बॅटरीचा दाब पुन्हा मोजावा. तो चौदा व्होल्टच्या आसपास चढला पाहिजे. इंजिन बंद असताना जो आकडा होता तोच कायम राहिला, तर बॅटरी भरली जात नाही.

अशा वेळी प्रथम पट्टा पाहावा. फॅनचा पट्टा सैल असेल तर डायनॅमो घसरत फिरतो. तपासणीचा हा भाग फुकट आणि मिनिटभराचा आहे, आणि घाईत नेमका तोच वगळला जातो.

जुन्या गाड्यांत आजच्यासारखा ऑल्टरनेटर नसून डायनॅमो असे. डायनॅमोचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. इंजिन मंद चालत असताना तो जवळजवळ काहीच देत नाही. ल्यूकसच्या सी-४० या सर्वपरिचित डायनॅमोची कमाल क्षमता २२ अँपियर, आणि तीही पुरेसा वेग असताना. गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर हेडलाइट लावून, सिग्नलवर थांबत गाडी चालवली तर स्टार्टरने घेतलेले कर्ज फिटत नाही. अशा गाडीत दोष नसतो, तिला आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर नेण्याची गरज असते.

डायनॅमोच्याच तपासणीसाठी त्याच्या ‘डी’ आणि ‘एफ’ या दोन्ही टर्मिनलांवरील तारा काढाव्यात, ती दोन टर्मिनले एका तुकड्याने जोडावीत आणि तेथून बॉडीपर्यंतचा दाब पाहत इंजिन हळूहळू वाढवावे. दाब भराभर चढला तर डायनॅमो निर्दोष. वीस व्होल्टच्या पुढे त्याला जाऊ देऊ नये. दाब अर्ध्या-एक व्होल्टवर अडकला तर फील्ड कॉइलवर संशय घ्यावा, चार-पाच व्होल्टवर अडकला तर आर्मेचरवर. कार्बन झिजलेले असणे किंवा कम्युटेटर काळा पडलेला असणे ही याहून साधी आणि अधिक वेळा आढळणारी कारणे होत.

डायनॅमोच्या जोडीला एक लहानशी काळी पेटी असते. तिच्यात रेग्युलेटर आणि कटआउट असे दोन भाग असतात. कटआउट हा या संस्थानचा पहारेकरी. डायनॅमोचा दाब बॅटरीहून अधिक झाला की तो दरवाजा उघडतो आणि वीज बॅटरीकडे जाऊ देतो. इंजिन मंदावले आणि वीज उलटी वाहू लागली की तो दरवाजा लावून घेतो. त्याचे पॉइंट जळून एकमेकांना चिकटले तर दरवाजा उघडाच राहतो. मग इंजिन बंद झाल्यावर बॅटरी डायनॅमोलाच मोटारीसारखे फिरवू पाहते. पट्ट्याने जखडलेला डायनॅमो फिरू शकत नाही. तारा तापतात, काही तासांत बॅटरी संपते आणि प्रसंगी धूरही निघतो.

हा दोष ओळखण्याची खूण डॅशबोर्डवरच असते. किल्ली फिरवल्यावर लागणारा लाल दिवा ‘चार्जिंगचा दिवा’ म्हणून ओळखला जातो. वस्तुतः तो बॅटरी आणि डायनॅमो यांच्या मधोमध जोडलेला असतो आणि दोन्हींच्या दाबांतील फरक तेवढा दाखवतो. इंजिन बंद, किल्ली चालू : एका बाजूला बारा व्होल्ट, दुसऱ्या बाजूला शून्य, म्हणून दिवा लागतो. इंजिन चालू : दोन्ही बाजूंना सारखाच दाब, म्हणून दिवा विझतो. आता इंजिन सुरू करण्यापूर्वी किल्ली फिरवूनही तो लागला नाही तर काय समजावे? एक तर बल्ब गेला असेल. नाहीतर कटआउट चिकटून डायनॅमोच्या बाजूलाही बॅटरीचाच दाब पोहोचला असेल. दुसरी शक्यता ध्यानात ठेवून अशा गाडीचे बॉनेट त्याच क्षणी उघडावे. एका क्षुल्लक दिव्याचा खरा अर्थ कळला की तो मीटरचे काम करतो, ते असे.

पुढच्या काळातील गाड्यांत ऑल्टरनेटर आले. त्यांत पहारेकऱ्याचे काम डायोड करतात. डायोड फुटला तर तेथूनही वीज गळते. एक जुनी सवय येथे घातक ठरते : इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढायची आणि गाडी चालू राहिली तर ‘चार्जिंग ठीक’ म्हणायचे. त्या क्षणी दाब एकदम उसळतो आणि डायोड जळतात. ही परीक्षा कोणत्याही गाडीवर घेऊ नये.

गळती : उघडा राहिलेला नळ

बॅटरी निरोगी आहे, भरणाही नीट होतो, तरीही दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. आता गळती शोधायची.

किल्ली काढावी, सर्व दिवे बंद करावेत, दारे लावावीत. बॅटरीची अर्थाची, म्हणजे बॉडीला जोडलेली, तार सोडवावी. टर्मिनल आणि ती तार यांच्यामध्ये प्रथम बारा व्होल्टचा एक लहान बल्ब जोडावा. मीटर नंतर. बल्ब लख्ख लागला तर गळती मोठी आहे, अशा वेळी मीटर लावला असता तर त्याचा फ्यूज गेला असता. बल्ब मंद लागला तर गळती मध्यम. मुळीच लागला नाही तर एक तर गळती नाही, किंवा फारच थोडी आहे. मोठी गळती नाही याची खात्री झाल्यावर मल्टिमीटर दहा अँपियरच्या पट्टीवर जोडावा. या अवस्थेत चुकूनही स्टार्टर मारू नये.

किती गळती चालेल? आजच्या गाड्यांत संगणक आणि गजर सतत जागे असतात, म्हणून साधारण ५० मिलिअँपियरपर्यंतची गळती क्षम्य मानतात. घड्याळ आणि रेडिओ नसलेल्या जुन्या गाडीत ती शून्य असली पाहिजे. हिशेब करून पाहा. ५० मिलिअँपियर म्हणजे दिवसाला १.२ अँपियर-तास, महिन्याला ३६. चाळीस अँपियर-तासांची बॅटरी महिनाभर उभ्या गाडीत रिकामी होण्यास एवढे पुरेसे आहे. पाच वॅटचा एखादा दिवा लागलेला राहिला तर तो ०.४ अँपियर ओढतो, म्हणजे दिवसाला दहा अँपियर-तास. अशी बॅटरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान टाकते. मीटरवरचा आकडा अशा रीतीने गुन्हेगाराचे वर्णनच सांगत असतो.

मीटर तसाच ठेवून एकेक फ्यूज काढावा आणि आकडा केव्हा कोसळतो ते पाहावे. परंतु जुन्या गाड्यांत फ्यूज अगदी थोडे असत, काहींत दोनच, आणि हेडलाइट, इग्निशन वगैरे मंडले बहुधा फ्यूजविनाच असत. सर्व फ्यूज काढूनही गळती कायम राहिली तर कटआउटची पेटी, लाइटचा स्विच आणि इग्निशनचा स्विच येथील बॅटरीकडून थेट येणाऱ्या तारा एकेक करून सोडवाव्यात. ल्यूकस पद्धतीच्या वायरिंगमध्ये यासाठी रंगांची मदत होते. तपकिरी तार बॅटरीकडून थेट आलेली. पांढरी इग्निशनच्या स्विचमधून आलेली. हिरवी त्याच स्विचमागील फ्यूजमधून आलेली. निळी हेडलाइटची, तांबडी पार्किंग दिव्यांची, काळी अर्थाची. उभ्या गाडीतील गळतीचा संशय साहजिकच आधी तपकिरी तारांवर जातो. चाळीस वर्षांत किती हातांनी किती तारा बदलल्या असतील याचा भरवसा नसतो, म्हणून रंग पाहावा आणि मीटरने त्याची खातरजमाही करावी.

माझ्या पाहण्यातले एक उदाहरण सांगतो. डायनॅमोची एक अँबॅसडर होती. तीन वर्षांत तिच्या दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या आणि तिसरीही दर चौथ्या दिवशी उतरू लागली होती. घरात ती विकण्याची भाषा सुरू झाली होती. बॅटरी चार्ज करून ठेवली : १२.६ व्होल्ट, सहाही घट सारखे. इंजिन वाढवल्यावर दाब चौदाच्या वर गेला. म्हणजे साठा आणि भरणा दोन्ही निर्दोष. मधे जोडलेला बल्ब मंद लागला, मीटरने ०.४ अँपियर दाखवले. दोन्ही फ्यूज काढले, आकडा हलला नाही. आकड्यावरून संशय पाच वॅटच्या दिव्यावर जात होता, पण लागलेला दिवा कोठेच दिसत नव्हता. तारा सोडवीत गेल्यावर मागच्या बाजूला जाणारी एक तार सुटली आणि आकडा शून्यावर आला. ती तार डिकीत नंतर बसवून घेतलेल्या दिव्याची होती, फ्यूज न घालता थेट जोडलेली. डिकीच्या झाकणाचा रबर बदलताना थोडा जाड बसवला होता. त्यामुळे झाकण लागले तरी दिव्याचे बटण पुरते दाबले जात नव्हते. बंद डिकीत तो दिवा तीन वर्षे अहोरात्र जळत होता. झाकण बंद असताना दिवा लागलेला आहे हे पाहणार कोण? मीटरने तो पाहिला.

अशा ‘मागाहून आलेल्या पाहुण्यां’चा संशय सर्वांत आधी घ्यावा. कॅसेट प्लेअर, जास्तीचा हॉर्न, रिव्हर्सचे संगीत, चोरीविरोधी गजर हे सारे मूळ आराखड्यात नव्हते. कारखान्यातून आलेली वायरिंग विचारपूर्वक केलेली असते. दोष बहुधा कोणीतरी मध्येच तार सोलून, पीळ देऊन आणि चिकटपट्टी गुंडाळून केलेल्या जोडापाशी सापडतो.

अर्थ : परतीची वाट

आता एका वेगळ्या दोषाकडे वळू. त्यात वीज गळत नाही, तिची वाट अडते. तरीही लक्षण तेच दिसते : स्टार्टर फिरत नाही.

मोटारीत प्रत्येक दिव्याला एकच तार जाते. परतीची वाट लोखंडी बॉडीतून असते, तिलाच आपण अर्थ म्हणतो. बॅटरीपासून बॉडी, बॉडीपासून इंजिन, दिव्याच्या बैठकीपासून बॉडी, हे सर्व जोड स्वच्छ धातूला स्वच्छ धातू असेच हवेत. आपल्या बाजूला चार महिने पाऊस. घाट उतरून गोव्याकडे गेले की खारी हवा. जोडांवर गंज चढतो, तांब्यावर हिरवी बुरशी धरते. गाडीला नवा रंग दिला की अर्थाच्या जागाही रंगाखाली जातात. डेंटिंग-पेंटिंगनंतर विजेच्या तक्रारी सुरू होतात त्याचे एक कारण हेच.

अडलेले पाणी जसे भलतीकडून वाट काढते, तशी वीजही काढते. इंडिकेटर लावला की मागचा दिवाही मिचकावू लागतो, ब्रेक दाबला की पार्किंगचे दिवे मंद उजळतात. ही भुताटकी नव्हे. मागच्या दिव्याची बैठक अर्थापासून तुटली आहे आणि वीज शेजारच्या फिलामेंटमधून परतीची वाट शोधते आहे. याहून गंभीर खूण म्हणजे स्टार्टर मारल्यावर चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल गरम होणे. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारा जाड पट्टा तुटला की स्टार्टरचे शंभर-दीडशे अँपियर त्या बारीक केबलमधून परतू पाहतात. अशा वेळी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारणे म्हणजे केबल जाळणे.

येथे ओहमच्या नियमाचे खरे सामर्थ्य दिसते. समजा, गंजलेल्या टर्मिनलचा रोध ०.०२ ओहम, म्हणजे नगण्य वाटावा इतका आहे. पार्किंगच्या दिव्यांचे दोन अँपियर त्यातून गेले तर दाब ०.०४ व्होल्टने घटेल, ते डोळ्यांना कळणारही नाही. त्याच जोडातून स्टार्टरचे १५० अँपियर गेले तर तीन व्होल्ट तेथेच खर्ची पडतील आणि ४५० वॅट उष्णता त्या एका जोडावर निर्माण होईल. ‘दिवे तर लख्ख लागतात, मग स्टार्टर का फिरत नाही?’ या प्रश्नाचे हे उत्तर आहे. हाताला टर्मिनल चटका देईल इतके तापले तर दोष तेथेच समजावा.

याच कारणाने रोध मोजणाऱ्या पट्टीवर असा जोड निर्दोष भासतो. त्याची परीक्षा भाराखालीच घ्यावी लागते. व्होल्टमीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थाच्या खांबाला आणि दुसरे इंजिनच्या स्वच्छ धातूला लावावे आणि दुसऱ्याला स्टार्टर मारण्यास सांगावे. मीटरने अर्ध्या व्होल्टहून अधिक दाखवले तर परतीच्या वाटेत अडथळा आहे. दिव्यांसाठी हीच परीक्षा दिवा लागलेला असताना घ्यावी. तेथे ०.२ व्होल्टहून अधिक घट नसावी. दिव्याला दहा टक्के दाब कमी मिळाला तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. ‘जुन्या गाडीचे दिवे मंदच असतात’ ही समजूत पुष्कळदा चार गंजलेल्या जोडांवर उभी असते. उपायही सोपा : जोड सोडवावा, सँडपेपरने चकाकी येईपर्यंत घासावा, घट्ट बसवावा आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी.

सावधगिरीचे चार शब्द

बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून या विजेला कोणी भीत नाही. पण पाना टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये सापडला तर शेकडो अँपियर वाहतात. बोटातली अंगठी क्षणात लालबुंद होऊ शकते. काम सुरू करण्यापूर्वी अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे. बॅटरीची अर्थाची तार सर्वांत आधी काढावी आणि सर्वांत शेवटी जोडावी. मी ‘ऋण तार’ असे मुद्दाम म्हणत नाही. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ब्रिटिश घडणीच्या अनेक गाड्यांत धन ध्रुव अर्थाला जोडलेला असे. अशा गाडीत नवा रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक साधन बसवण्यापूर्वी कोणता ध्रुव बॉडीला आहे ते पाहावे, अन्यथा ते साधन पहिल्याच क्षणी जळेल.

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तिच्याजवळ विडीकाडी किंवा ठिणगी नको. आणि गेलेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद किंवा जाड तार कदापि घालू नये. फ्यूज गेला म्हणजे त्याने आपले कर्तव्य बजावले. पुढे कोठेतरी शॉर्ट आहे हे सांगण्यासाठी त्याने प्राण दिला. तो संदेश न वाचता तेथे तार घातली की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळते आणि वायरिंगबरोबर गाडी.

समारोप

या सर्व विवेचनात अवघड गणित कोठेही नव्हते. गुणाकार, भागाकार आणि शालेय पाठ्यपुस्तकातील एक नियम एवढ्यावर काम भागले. मल्टिमीटर, हायड्रोमीटर आणि एक बल्ब ही सामग्रीही आवाक्यातली आहे. खरे दुर्मिळ साधन धीर हे होय. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बदलण्यापूर्वी आणि बदलल्यानंतर मोजावे, आणि आकडे लिहून ठेवावेत. गाडीच्या खणात एक वही ठेवावी. तारीख, विश्रांतीतील दाब, इंजिन चालू असतानाचा दाब आणि केलेले काम यांची नोंद तिच्यात असावी. वर्षभराने हीच वही कोणत्याही कारागिराहून अधिक सांगू लागते.

जुने ऑटो-इलेक्ट्रिशियन आता थोडे राहिले आहेत. कटआउटचे पॉइंट घासून त्याची पत्ती नेमकी वाकवणारे, आर्मेचर हाताने गुंडाळणारे हात वृद्ध झाले आहेत. नव्या वर्कशॉपमध्ये संगणक लावून दोषाचा क्रमांक वाचतात. जुन्या गाडीला संगणक लावण्याची जागाच नाही, तिला प्रश्न आपणच विचारावे लागतात. म्हणून माझी येथील विद्यार्थ्यांना विनंती आहे : घरात किंवा शेजारी अशी गाडी असेल तर मोठ्यांच्या परवानगीने, त्यांना सोबत घेऊन, तिच्या बॅटरीचा दाब एकदा मोजून पाहा. गल्लीत असा एखादा म्हातारा कारागीर असेल तर त्याच्याजवळ बसा, तो काय करतो ते पाहा आणि का करतो ते विचारा. त्याला कदाचित नियमाचे नाव सांगता येणार नाही, पण नियम त्याच्या हातात आहे. तुम्हाला नियमाचे नाव ठाऊक आहे. हे दोन्ही ज्ञान एकत्र आले तर पुष्कळ गाड्या भंगारात जाण्यापासून वाचतील.